बेडकाची गाळणी आणि भीमाचा मग

स्वयंपाकघरात हसू येईल असं काय असतं हो? आमच्या भिशीत मी हा प्रश्न टाकला, तेव्हा पहिलं उत्तर आलं, "नवऱ्याने केलेला उपमा!" सगळ्या मनसोक्त हसलो. पण दुसरं उत्तर काही केल्या कुणाला सुचेना. कुकरच्या शिट्ट्या, उतू जाणारं दूध, ओट्याखालची पाण्याची पिंपं, डब्यांची घाई, रात्री घासायला पडलेली कढई. यात हसायचं काय? दिवसातले पाच-सहा तास आपण ज्या खोलीत काढतो, त्या खोलीत आपल्याला गंमत वाटावी म्हणून मुद्दाम ठेवलेली एकही वस्तू नसते.

माझ्याकडे मात्र अशा चौसष्ट वस्तू आहेत. मोजून सांगते.

माझा छंद तसा अगदी साधा. रोजच्या वापरातली, पण कार्टूनची, प्राण्यापक्ष्यांची किंवा गमतीशीर आकाराची वस्तू दिसली की मी ती घेते. ओट्याजवळच्या खुंटीला फ्रॉकच्या आकाराचा हात पुसायचा रुमाल लटकतो, त्यावर मिनी माऊस आहे. चहाची गाळणी बेडकाची. वर दोन बटबटीत डोळे आणि तोंडाच्या जागी जाळी. गरम भांडं धरायचा मोजा म्हणजे मगर, ती जबडा उघडते आणि कढई पकडते. मीठ आणि मिरपूड टॉम आणि जेरीच्या पोटात. कुणाच्या पोटात काय आहे ते पाहुण्यांना आधी सांगावं लागतं. पोळ्यांच्या डब्यावर डोरेमॉन. फ्रिजवर चुंबकाचं अस्वल, त्याच्या पंजाखाली दुधाच्या हिशेबाचा कागद. आणि कोंबडीच्या आकाराचं एक टायमर आहे, मान पिळली की टिकटिक सुरू होते. मूळची ती अंडी उकडण्यासाठी. आमच्या घरात अंडी चालत नाहीत, त्यामुळे ती बिचारी शाकाहारी कोंबडी ढोकळ्याची वीस मिनिटं मोजत बसते.

नियम एकच. वस्तू वापरात हवी. शोकेसमध्ये काही ठेवायचं नाही. शोकेसमध्ये ठेवली की ती शोभेची वस्तू झाली, आणि शोभेच्या वस्तूवरची धूळ पुसणं हे आणखी एक काम झालं. ते कोण करणार? मीच ना! त्यामुळे जे रोज हाताळलं जातं, घासलं जातं, तेच घरात राहतं. फुटलं, रंग उडाला की सरळ बाहेर.

घरच्यांनी सुरुवातीला बरंच ऐकवलं. सासूबाईंचं वाक्य तर आमच्याकडे म्हणीसारखं झालंय, "लेकरं मोठी व्हायलीत अन् तू लहान व्हायलीस!" ह्यांनी बाजारातून आले की पिशवी बघून विचारायचं, "आज कोण आलं?" पुण्यात शिकणारी लेक म्हणते, "आई, क्यूट आहे गं, पण जरा जास्तच." त्या मगरीच्या मोज्याने एक मात्र झालं. फुलाफुलांचा ॲप्रन ह्यांनी कधी अंगाला लावला नसता, पण पॉपॉयचा आणला तर रविवारी तो घालून भजी तळायला उभे राहतात. भजी बरी होतात. ओटा कुणी आवरायचा हा वेगळा विषय आहे, त्यावर एक वेगळा लेख होईल.

या कार्टूनवाल्यांकडे जरा नीट बघा. सगळे मेले खादाड! पॉपॉयला पालक लागतो. डोरेमॉन दोरायाकीसाठी जीव टाकतो, म्हणजे दोन पॅनकेकच्या मध्ये गोड सारण. आपला छोटा भीम २००८ मध्ये पोगोवर आला. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीचं ते पोर. त्याच्या अंगात बळ येतं ते लाडवांनी, आणि तेही टुणटुण मावशीच्या डब्यातून पळवलेल्या. मोटूला सामोसा. शिनचॅन तेवढा नाठाळ, ढोबळी मिरची बघितली की तोंड वाकडं करतो. म्हणजे आपल्या घरातल्या कार्ट्यांसारखाच. यांची जागा खरं तर दप्तरापेक्षा स्वयंपाकघरातच जास्त शोभते असं माझं मत.

आणि ज्या कार्टूनला आपण कार्टून म्हणतच नाही, ते तर आपल्या फ्रिजमध्ये केव्हाचंच येऊन बसलंय. अमूलची ती ठिपक्यांच्या फ्रॉकमधली, निळ्या केसांची मुलगी. १९६६ मध्ये सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांच्या जाहिरात संस्थेने ती आणली, चित्र युस्टेस फर्नांडिस यांनी काढलं. डाकुन्हा २०२३ मध्ये गेले. मुलगी काही मोठी झाली नाही. लोण्याच्या पाकिटावरचं ते चित्र आपल्या तीन पिढ्यांनी पाहिलंय, आणि सासूबाईंनी तिला कधी "पोरकट" म्हटलेलं मला तरी आठवत नाही.

आमच्या जालन्यात या वस्तू मिळतात कुठे, असं बाहेरगावच्या मैत्रिणी विचारतात. अगं, पोलादाच्या सळया आणि बियाणं एवढंच काही जालन्यात मिळत नाही! बडी सडकेवरून कादराबादकडे फिरा, भांड्यांच्या दुकानाबाहेर टांगलेल्या जाळ्यांकडे बघा. राजूरच्या गणपतीला अंगारकीला जा, प्रसादाच्या दुकानांच्या ओळीनंतर प्लॅस्टिकच्या वस्तूंची ओळ लागते. तिथे दर्शनाइतकाच वेळ माझा जातो. तिथल्या वस्तूंची वेगळीच मजा. मिकीसारखा दिसणारा, पण कान टोकदार असलेला एक उंदीर मला तिथे मिळाला. आम्ही त्याला मिकीचा मावसभाऊ म्हणतो. हिरव्या रंगाचा डोरेमॉनही आहे. मूळ चित्रांचे हक्क ज्यांचे आहेत त्यांना हे आवडणार नाही, ते बरोबरही आहे. म्हणून हल्ली मी ओळखीच्या चेहऱ्यांपेक्षा बेडूक, घुबड, मगर असले बिनमालकाचे प्राणीच जास्त घेते. ते स्वस्तही पडतात.

पण माझ्या छंदाची खरी सुरुवात बाजारात झाली नाही. ती वाणात झाली. संक्रांत ते रथसप्तमी आपण हळदीकुंकवाला जातो, वाण लुटतो. पूर्वी सुगडात ऊस, बोरं, गाजर, हरभरा असायचा, पुढे स्टीलच्या वाट्या आल्या, मग प्लॅस्टिकची राजवट सुरू झाली. गाळणी, साबणाची डबी, चिमटे, लिंबू पिळायचा. दरवर्षी वीस-पंचवीस वस्तू घरात येतात आणि माळ्यावर जातात. त्यातच एका वर्षी शेजारच्या काकूंनी ती बेडकाची गाळणी दिली. माळ्यावर न गेलेलं माझं ते पहिलं वाण.

आता जरा थांबून एक गोष्ट सांगते.

भोकरदन तालुक्यातल्या एका गावात आमचा बचत गट आहे. सोळा जणी. त्यातल्या पाच जणींचे नवरे हयात नाहीत. गटाच्या बैठकीला पाचही जणी यायच्या, हप्ता वेळेवर भरायच्या, बँकेत सगळ्यांत धीटपणे बोलायच्या त्याच. पण संक्रांतीचं हळदीकुंकू ठरलं की त्या दिवशी पाचही जणींना नेमकं शेतात काम निघायचं. "येऊ नका" असं त्यांना कुणी म्हणत नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, तो तुम्ही वाचला असेल. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे गावात बंद, असा तो ठराव होता. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. चांगलंच झालं. पण परिपत्रक येतं आणि कपाटात जातं, हे गावात काम करणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. बायकांच्या मनातलं कपाट त्याहून जुनं, त्याची किल्ली कुणाकडे असते कोण जाणे.

२०२३ च्या जानेवारीत आम्ही गटात ठरवलं, यंदा सगळ्या जणी बसायच्या. वरवर कुणी नाही म्हटलं नाही. मग हळूच एक वयस्कर मावशी म्हणाल्या, "बसू द्या की बाई. पर वाण काय देणार? करंडा, आरसा, बांगड्या त्यायच्या हातात कशा द्यायच्या? उद्या काही बरंवाईट झालं तर?" बैठकीत शांतता. मावशी दुष्ट नव्हत्या हो. त्यांच्या मनात भीती होती आणि भीतीशी वाद घालून चालत नाही. मी भाषण केलं असतं तर सगळ्यांनी मान डोलावली असती, आणि पाच जणी पुन्हा शेतात गेल्या असत्या.

मी जालन्याहून सोळा बेडकाच्या गाळण्या घेऊन गेले. प्रत्येकी पस्तीस रुपये. पिशवी उघडून ओळीने मांडल्या. सोळा बेडूक, बत्तीस डोळे. आधी एक पोरगी हसली, मग सगळ्याच. मावशींनी एक गाळणी उचलून उलटसुलट करून पाहिली आणि स्वतःच म्हणाल्या, "आता याला कुठलं आलंय सौभाग्य? बेडूकच हाय." झालं! तिळगूळ वाटला, गाळण्या वाटल्या, सोळा जणींना सोळा.

कुंकवाच्या करंड्याला हजार वर्षांचा अर्थ चिकटलेला आहे. बेडकाला काहीच अर्थ नाही. तो फक्त हसवतो. म्हणूनच तो त्या दिवशी सगळ्यांच्या हातात जाऊ शकला. पुरोगामी मंडळींना हे पटणार नाही, करंडाच का दिला नाही असं ते विचारतील. त्यांचंही खरं आहे. तो दिवसही यावा. पण त्या दुपारी मला पाच जणी ओळीत बसलेल्या हव्या होत्या, आणि त्या बसल्या.

त्यातली एक तिशीतली. नापिकीच्या एका वर्षी तिचा नवरा गेला, पदरात दोन लेकरं. गाळणी हातात घेऊन ती बराच वेळ बघत राहिली. जाताना मला म्हणाली, "ताई, सात वर्षांत मला कुणी हातात वस्तू दिली नव्हती. ज्या आल्या त्या मीच इकत आणल्या." यावर मला काही बोलता आलं नाही.

पुढच्या वर्षी आम्ही मग दिले, छोट्या भीमाचे. त्याआधी मी गटात सहज विचारलं होतं, घरात तुमचा स्वतःचा कप कोणता? ज्याला दुसरं कुणी हात लावत नाही असा? सोळापैकी तिघींनी हात वर केला. बाकीच्यांचं उत्तर जवळपास सारखं. सगळ्यांचा चहा झाल्यावर जो उरेल तो. बहुतेक वेळा कान तुटलेला, कारण चांगले कप पाहुण्यांसाठी आणि मधले घरच्या पुरुषांसाठी. तुमच्या-माझ्या शहरातल्या घरीही एकदा बघा हं, कान तुटलेला कप कुणाच्या वाट्याला येतो.

त्या तिशीतल्या बाईच्या मुलाने अर्थातच पहिल्याच दिवशी मग मागितला. भीम म्हणजे पोरांचा देवच. ती म्हणाली, "तुला दूध पायजे तर पेल्यात घे. हा माझा हाय." एरवी लेकरांसाठी तोंडचा घास काढून देणारी बाई ही. मुलाने दोन दिवस तोंड फुगवलं, मग विसरला. मग अजून तिच्याकडे आहे, मी मागच्या खेपेला त्यातच चहा घेतला. सगळ्यांकडे असंच झालं असं मात्र नाही. एकीने तो मग देवळीत ठेवलाय, "चांगला हाय, वापरून खराब कशाला करू?" एकीच्या घरी तिचा दीर त्यात दाढीचं पाणी घेतो. काय करणार!

कार्टूनचं हे खूळ टीव्हीने आणलं, असं सगळे म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. डोरेमॉन २००५ मध्ये हंगामा वाहिनीवर आला, त्याच्या आधी आपल्या स्वयंपाकघरात गंमत नव्हती का? कणीक मळताना आईने तव्यावर भाजून दिलेली कणकेची चिमणी आठवा. दोन ज्वारीचे दाणे तिचे डोळे. रुखवतात मांडलेले बाहुला-बाहुली, सप्तपदीची चित्रं, साखरेची फळं आठवा. कुंकवाची कोयरी आंब्याच्या आकाराची, अडकित्त्यावर पोपट, समईच्या टोकाला मोर. कारागिराने हे का केलं असेल? सुपारी कातरायला पोपटाची काही गरज नसते. पण रोज हातात येणारी वस्तू नुसतीच कामाची असू नये, असं त्यालाही वाटलं असणार.

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिलं नसेल तर जरूर पाहा. दिनकर गंगाधर केळकर अज्ञातवासी या नावाने कविता लिहायचे. १९२० च्या सुमारास त्यांनी घरगुती वस्तू जमवायला सुरुवात केली. राजा-महाराजांचे हिरे-माणकं त्यांनी शोधली नाहीत. गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, विळ्या, झाऱ्या, स्वयंपाकाची भांडी गोळा केली. पत्नी कमलाबाईंची साथ होती. त्यांचा लहानगा मुलगा राजा अकाली गेला, त्याच्या नावाने हे संग्रहालय आहे. १९७५ मध्ये त्यांनी सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. आज तिथे वीस हजारांच्या वर वस्तू आहेत. अडकित्त्यांपुढे मी अर्धा तास उभी होते. घोड्याचे, पाखरांचे, माणसांच्या जोडीचे. ही त्या काळातली कार्टूनंच की! तिथल्या एकेका विळीकडे बघताना माझ्या मनात येत होतं, ही वापरणारी कोण असेल? तिचं नाव पाटीवर नाही. कसं असणार? भांड्यावरसुद्धा आपल्याकडे नाव घालतात ते बहुतेक वेळा नवऱ्याचं किंवा देणाऱ्याचं.

पुण्याच्याच विलास करंदीकर यांच्या भातुकलीच्या प्रदर्शनाचंही नाव तुम्ही ऐकलं असेल. खलबत्त्यापासून बंबापर्यंत सगळा संसार बोटभर. बायका तिथे मुलींना घेऊन जातात आणि मुलींपेक्षा स्वतःच जास्त रमतात.

बाहेरच्या जगातही असे वेडे कमी नाहीत. अँडी वॉरहोल हा अमेरिकेतला प्रसिद्ध चित्रकार. त्याला बिस्किटं ठेवायच्या चिनी मातीच्या बरण्या जमवायचा नाद होता. डुकराच्या, अस्वलाच्या, जोकरच्या आकाराच्या बरण्या तो जुन्या बाजारात थोड्याथोडक्या डॉलरला घ्यायचा. १९८७ मध्ये तो गेला, आणि पुढच्या वर्षी सदबीजच्या लिलावात त्या १७५ बरण्यांना मिळून जवळपास अडीच लाख डॉलर आले. हे मी ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी माझ्या बेडकाकडे पहिल्यांदाच आदराने पाहिलं. इटलीच्या अलेस्सी कंपनीने १९८५ मध्ये मायकेल ग्रेव्हज या वास्तुरचनाकाराकडून एक किटली करून घेतली, तिच्या चोचीवर लाल पक्षी बसवलेला. पाणी उकळलं की तो शीळ घालतो. मोठमोठ्या इमारती बांधणाऱ्या माणसालाही पाणी उकळताना कुणीतरी गावं असं वाटलंच ना!

आता थोडं कामाचं. छंद कुणाला लागलाच तर काही गोष्टी मी कानावर घालते.

रंगवलेल्या काचेच्या पेल्यांपासून जरा जपून. जून २०१० मध्ये अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सने श्रेक सिनेमाची चित्रं असलेले सुमारे १ कोटी २० लाख पेले परत मागवले होते. चित्राच्या रंगात कॅडमियम हा धातू सापडला, म्हणून. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे, मग जत्रेतल्या पेल्याची काय कथा? चित्र बाहेरच्या बाजूला आणि ओठ लागतात त्या कडेपासून खाली असेल तरच मी घेते. नखाने खरवडून बघते. दुकानदार रागावतो, रागावू दे. मेलामाइनच्या कार्टूनवाल्या ताटल्या दिसायला गोड, पण मायक्रोवेव्हमध्ये घालायच्या नाहीत आणि उकळती आंबट आमटी, सार त्यात वाढायचं नाही. तडा गेला, चित्र खरडलं गेलं की काढून टाकायची. प्लॅस्टिकची वस्तू उलटी करून तळाचा त्रिकोण बघायचा, त्यात ५ आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन, डब्यांसाठी बरं. काहीच आकडा नसेल तर त्यात खायचं ठेवू नका, चिमटे, क्लिपा ठेवा. नाकाशी धरून वास घ्यायचा, हे तर आपल्या आज्यांनीच शिकवलंय.

दुसरी गोष्ट फुकटच्या कार्टूनची. अमुक पावडरीवर मग फ्री, तमुक बिस्किटांवर डबा फ्री. २०१० मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी चार ते सहा वर्षांच्या चाळीस मुलांना एकच खाऊ दोन पाकिटांतून दिला. एका पाकिटावर कार्टून, दुसऱ्यावर नाही. आत अगदी सारखंच, तरी मुलांना कार्टूनवाल्या पाकिटातला खाऊ चवीला चांगला लागला. गाजराच्या बाबतीत मात्र ही जादू फारशी चालली नाही! म्हणजे कार्टून विकतं ते मुख्यतः गोडधोड. चिली देशाने २०१६ पासून जास्त साखर-मीठ असलेल्या पदार्थांच्या पाकिटांवर कार्टून छापायलाच बंदी घातली. अंगणवाडीत येणारी लेकरं मी बघते, पाच रुपयांचं कार्टूनचं पाकीट हातात आणि समोरची खिचडी तशीच. म्हणून माझ्या चौसष्ट वस्तूंत फ्रीची एकही नाही. मग हवा तर मग विकत घ्यावा, त्यासाठी दोन किलो साखर घरात कशाला आणायची?

खर्चाचं विचाराल तर महिन्याला शंभर रुपये, त्याच्या वर नाही. रद्दीचे आणि शिलाईचे पैसे मी यासाठी वेगळे ठेवते. चौसष्ट वस्तूंतल्या चाळीस तर पन्नास रुपयांच्या आतल्या आहेत. सगळ्यांत महाग ती कोंबडी, दोनशे वीसची.

एक खंत मात्र आहे. या सगळ्या गोतावळ्यात आपल्या मातीतलं कुणी नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये क्रिस्टल सिटी नावाचं पालक पिकवणारं गाव आहे. तिथल्या लोकांनी १९३७ मध्ये गावात चक्क पॉपॉयचा पुतळा उभारला. आमच्या जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण तिला अजून डोळे-नाक कुणी काढलेले नाहीत! गोल, पिवळीधमक, जराशी रुसलेली, डोक्यावर एक पान. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरच्या पाण्यावर जगलेली, किती तरी बागा जळाल्या तरी पुन्हा उभी राहिलेली. यापेक्षा चांगली नायिका कुठल्या कार्टूनवाल्याला मिळणार?

हे मी गटात बोलून गेले, आणि त्या तिशीतल्या बाईने ते मनावर घेतलं. तिच्याकडे गटाच्या कर्जातून घेतलेलं शिलाई मशीन आहे. पोळ्या गुंडाळायच्या पांढऱ्या रुमालाच्या कोपऱ्यात पिवळ्या कापडाची गोल मोसंबी, हिरवं पान आणि काळ्या दोऱ्याचे डोळे. पहिल्यांदा वीस रुमाल केले, साठ रुपयांना एक. बडी सडकेवरच्या एका दुकानदाराला दाखवायला गेलो तर तो म्हणाला, "मॅडम, मिकी आहे का? मिकी असेल तर शंभर घेतो." नाही म्हणून आलो. मग बाजाराच्या दिवशी गावातच मांडले, काही मी भिशीत नेले. चौदा खपले. उरलेल्या सहा मोसंब्यांचे डोळे तिरळे झालेत, ते कुणी घेईना. ते मी घेतले, पूर्ण किंमत देऊन. आता सत्तर झाल्या.